बाई ठेवून निभावतं, पण कुठवर?
बरेच जण म्हणतात की आजारी म्हाताऱ्या माणसासाठी २४ तासांची बाई ठेवली की घरीच निभावतं, केंद्रात ठेवायची गरज नाही. आम्हीही तेच केलं. सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), ११ महिन्यांत बाया पुरवणाऱ्या ब्यूरोच्या ७ बाया झाल्या. संध्याकाळ झाली की सासूबाई "मला घरी जायचंय" म्हणत पिशवी भरायच्या: दोन पातळं, पोथी आणि टीव्हीचा रिमोट. एकदा पहाटे तीनला वॉचमनने त्यांना गेटवरून परत आणलं, तेव्हा त्यांना देखभाल केंद्रात ठेवायचा निर्णय झाला.

केंद्र बघताना बागबिग बघू नका. रात्रपाळीला माणसं किती, ते विचारा. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलतात का, तेही. डायपर-औषधांचं बिल वेगळं लागतं का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. पहिल्याच महिन्यात कळलं!

आणि बँकेची कामं आधी उरका. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे माणसाचं मानसिक भान गेलं की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही संपतं. आमचं जोडखातं वेळेत झालं होतं म्हणून वाचलो.

पहिल्या रविवारी भेटायला गेलो, तर त्यांनी ह्यांना "आपण कोण?" म्हणून विचारलं आणि हातातला अर्धा लाडू पुढे केला. ह्यांनी तो खाल्ला.