मदत हवी आहे: आईला कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीच्या वर्गाला घालायचंय (बे एरिया). वाचता येतं, ऐकून कळत नाही

नमस्कार मंडळी,

माझी आई गेल्या वर्षाच्या अखेरीस ग्रीन कार्डावर कायमची आमच्याकडे आली. वय ६२. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) राहतो. आईला इंग्रजी बोलायला शिकायचंय. हा हट्ट तिचा स्वतःचा आहे, आम्ही कुणी मागे लागलेलो नाही. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सेमिस्टरला कम्युनिटी कॉलेजात (इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गाला तिचं नाव घालायचं आहे. बरीच माहिती काढली, पण काही ठिकाणी घोडं अडलंय. ज्यांनी स्वतः असे वर्ग केलेत किंवा आईवडिलांना, सासूसासऱ्यांना घातलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आधी आईबद्दल थोडं सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. ती सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. २००० साली आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तिने गावातल्या मुलांना इंग्रजीसुद्धा शिकवलं. व्याकरण पक्कं आहे. कर्तरी वाक्याचं कर्मणी करून दे म्हटलं तर बसल्या जागी देईल. शब्दकोश हाताशी असेल तर वर्तमानपत्रातली बातमी वाचून अर्थ सांगते. पण समोरचं माणूस बोलायला लागलं की तिच्या हाती काही लागत नाही.

परवा फार्मसीत काउंटरवरच्या मुलीने तिला जन्मतारीख विचारली. तेवढंच. आईने माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर तिने वही काढली, ते वाक्य वर इंग्रजीत लिहिलं आणि खाली देवनागरीत जसं कानावर पडलं तसं: ‘वॉट्सर डेडव बर्थ’. अशी तिची वही भरत चालली आहे. पाण्याला ‘वॉडर’, तीसला ‘थर्डी’. पस्तीसेक वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई आहे, शिकायचं कसं हे तिला कुणी शिकवायला नको. तिला फक्त योग्य वर्ग हवा आहे, आणि तोच सापडत नाहीये.

आम्ही आधी जवळच्या एका अडल्ट स्कूलमध्ये (मोठ्यांसाठीच्या सरकारी शाळेत) गेलो. (नाव मुद्दाम देत नाही, तिथली माणसं चांगली होती.) प्रवेशाआधी परीक्षा झाली ती फक्त वाचनाची. आईने अर्थातच छान सोडवली आणि तिला बऱ्याच वरच्या वर्गात बसवलं. त्या वर्गात सगळा वेळ गटात चर्चा. आई म्हणाली, ‘मी नुसती मान डोलावते गं, काय चाललंय काही कळत नाही.’ खालच्या वर्गात बसवा म्हणून विचारलं तर गुणांप्रमाणेच वर्ग मिळतो असं उत्तर मिळालं. अगदी खालच्या वर्गात तर अक्षरओळखीपासून सुरुवात आहे, तिथे तरी ती काय करणार? म्हणजे मराठी माध्यमात व्याकरण आणि भाषांतर पद्धतीने इंग्रजी शिकलेल्या माणसाला नेमकी कुठली पातळी, हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आईवडिलांचं हेच होत असणार. अशा शाळांत पातळी ठरवायला जी कासास परीक्षा घेतात, तिच्यात वाचनाइतकीच ऐकण्याचीही परीक्षा असते असं कळलं. ती मागून घेता येते का? कुणाला अशी मिळाली आहे का?

आता कॉलेजबद्दल. मला जे समजलंय ते लिहिते, चुकत असेल तर दुरुस्त करा.

इथल्या कम्युनिटी कॉलेजांत ईएसएल दोन प्रकारचं असतं. क्रेडिटचं (पदवीसारख्या अभ्यासक्रमात मोजलं जाणारं) आणि नॉन-क्रेडिटचं (तसं न मोजलं जाणारं). नॉन-क्रेडिटला शिकवणी फी नाही, तोच वर्ग पुन्हा करता येतो आणि रहिवासी आहात की नाही हा प्रश्न फीसाठी येत नाही. क्रेडिटच्या वर्गाला राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात (डी आन्झासारखी तिमाही पद्धतीची कॉलेजं ३१ घेतात), म्हणजे पाच युनिटांचा वर्ग २३० डॉलरला. रहिवासी नसाल तर त्यावर सहसा वेगळी फी आणि ती फार जास्त आहे. रहिवासी ठरायला सेमिस्टर सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहिलेलं असावं लागतं, तेही इथेच कायम राहायच्या इराद्याने. आईचं वर्ष ऑगस्टपर्यंत भरत नाही, त्यामुळे क्रेडिटचे वर्ग यंदा आमच्यासाठी बादच आहेत.

खरं सांगायचं तर मला क्रेडिटचे वर्ग तिच्यासाठी योग्य वाटतही नाहीत. कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर तिथला सगळा रोख विद्यार्थ्याला तीन वर्षांत पदवीच्या पातळीच्या इंग्रजीपर्यंत नेण्यावर आहे. निबंध, परिच्छेद, संदर्भ वगैरे. तरुण मुलांसाठी ते उत्तमच, पण आईला निबंध लिहायचा नाहीये. तिला डॉक्टरांशी बोलायचंय, नातीच्या शाळेतून फोन आला तर घ्यायचाय.

आणखी एक कारण आहे. पाच वर्षांनी तिला नागरिकत्वासाठी अर्ज करता येईल. वय ५५ आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं झालेल्यांना इंग्रजीची सूट आहे, पण ती आईला लागू व्हायला सत्त्याहत्तरी उजाडेल. परीक्षेतलं वाचन (तीनपैकी एक वाक्य) आणि लेखन (तसंच, तीनपैकी एक) ती आज झोपेतून उठून करेल. पण अधिकारी समोर बसून अर्जावरचे प्रश्न तोंडी विचारतो आणि बोलता किती येतं ते त्यावरूनच ठरवतो. पुन्हा तेच, कान.

दुसरी अडचण अर्जाची. एका कॉलेजात सीसीसीअप्लायवरून (इथल्या कम्युनिटी कॉलेजांची ऑनलाइन अर्जाची साइट) अर्ज भरला तर तो ‘पडताळणीसाठी थांबवला आहे’ असा निरोप आला आणि त्यानंतर सामसूम. गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांत आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या विद्यार्थ्यांचे अर्ज फार आले, म्हणून आता तपासणी कडक आहे, हे समजू शकते. पण ६२ वर्षांच्या बाईचा, परदेशातल्या शाळेचा पत्ता असलेला, इथला कुठलाच जुना रेकॉर्ड नसलेला अर्ज त्या चाळणीत अडकतो, त्याला उपाय काय?

तर माझे प्रश्न असे:

नॉन-क्रेडिटमध्ये फक्त ऐकणं-बोलणं यावर भर असलेला वर्ग तुमच्या माहितीत आहे का? ओलोनी, मिशन, शाबो, डी आन्झा, सॅन होजे सिटी, कुठलंही चालेल. शिक्षक कसे होते, वर्गात साधारण कोणत्या वयाची माणसं होती, हेही सांगा. पहिल्या आठवड्यात शिक्षकांशी बोलून वर्ग बदलून मिळतो का?

अडकलेला अर्ज सोडवायला पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड घेऊन प्रत्यक्ष प्रवेश कार्यालयात गेलं तर काम होतं का, की सगळं ऑनलाइनच?

मधे दीड-दोन महिने ती सांगलीला जाऊन आली तर रहिवासाचं वर्ष नव्याने मोजतात का? पुढे कधी क्रेडिटचा वर्ग घ्यावासा वाटला तर उपयोगी पडेल म्हणून विचारते.

आगाऊ धन्यवाद.

---

भर: प्रतिसादांत विचारलंय म्हणून लिहिते.

आई व्हिजिटर व्हिसावर नाही. ज्यांचे आईवडील बी-२ वर आलेत त्यांनी मात्र कॉलेजात नाव घालण्याआधी नीट चौकशी करा. त्या व्हिसावर अभ्यासक्रमाला प्रवेश घेणं चालत नाही. ग्रंथालयांमध्ये इंग्रजी संभाषणाचे गट असतात, तिथे जाऊन बसायला हरकत नसावी. एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) शिकता येतं.

ज्या ताईंनी यूट्यूब आणि अ‍ॅप सुचवलीत, त्यांचे आभार. आई ती बघते. पण तिला वर्गच हवा आहे, चार माणसांत बसून, चुकत-माकत. घरी आम्ही मराठीच बोलतो आणि ते बदलायचं नाहीये.

वेळेचं विचारलं होतं: नातीला शाळेत सोडल्यावर, म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळातले वर्ग चालतील. आई गाडी चालवत नाही, त्यामुळे बस किंवा बार्टने (इथल्या लोकल रेल्वेने) जाता येईल असं ठिकाण असेल तर आधी ते सुचवा. आणि याच भागात कुणाच्या आई किंवा सासूबाई वर्गाला जायचा विचार करत असतील तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, फोन नंबर इथे धाग्यावर टाकू नका. दोघी मिळून गेल्या तर बसचा प्रवासही सोपा होईल.