१८८४ची प्रॉव्हिडन्स ग्रेज: रॅडबर्नचे विजय ५९ की ६०?

एडिसनची_मेघना

नमस्कार मंडळी. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, इथे अमेरिकेत लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचिंग करतो (फलंदाजाला बॉल टाकतो). शाळेत एका जुन्या टीमवर पोस्टर करायचंय, त्याने १८८४ची प्रॉव्हिडन्स ग्रेज घेतली. त्या वर्षी ही टीम नॅशनल लीगमध्ये पहिली आली आणि त्यांचा पिचर चार्ल्स रॅडबर्न याने एका सीझनमध्ये ५९ मॅच जिंकल्या, असं एका पुस्तकात आहे. दुसऱ्यात ६०. पोस्टरवर काय लिहायचं?

आणि खरी अडचण पुढे आहे. मॅचमध्ये ८५ पिच (म्हणजे ८५ बॉल) टाकून झाले की कोच त्याला थांबवतात, वयाप्रमाणे तसा नियमच आहे. आता हा रोज रात्री जेवताना म्हणतो, "आई, रॅडबर्न रोज टाकायचा, मग मला का नाही?" मला क्रिकेटच धड कळत नाही, बेसबॉलचं काय सांगू?

आकडेमोड

५९ आणि ६० दोन्ही सापडतात, कारण एकाच मॅचवरून वाद आहे. २८ जुलैच्या मॅचमध्ये टीमचाच दुसरा पिचर सायक्लोन मिलर याने पहिल्या ५ इनिंग टाकल्या, तेव्हा ग्रेज पुढे होते. (बेसबॉलची मॅच नऊ इनिंगची, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात.) उरलेल्या ४ रॅडबर्नने टाकल्या. त्या काळच्या हिशेबात विजय रॅडबर्नच्या नावावर गेला. आजच्या नियमाने तो मिलरचा, कारण ५ इनिंग टाकून आघाडी सोडून गेलेल्या सुरुवातीच्या पिचरला तो मिळतो. मिलरला दिला की ५९, रॅडबर्नला दिला की ६०. पोस्टरवर दोन्ही लिहा आणि खाली ही मॅच सांगा, बाईंना आवडेल.

बाकीचे आकडे: टीम ८४ जिंकली, २८ हरली, दुसऱ्या नंबरवरच्या बोस्टनपेक्षा साडेदहा मॅच पुढे. रॅडबर्न ७३ मॅचमध्ये पहिल्यापासून उतरला आणि ७३च्या ७३ शेवटपर्यंत टाकल्या. ६७८ इनिंगच्या वर, ४४१ स्ट्राइकआउट (पिचरने तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). आजचा पिचर वर्षात २०० इनिंग टाकतो तेव्हा लोक कौतुक करतात.

मेसर_स्ट्रीट

मेघनाताई, आकड्याचं उत्तर वर आलंच आहे. मला मुलाच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहायचंय, जरा लांबेल.

मी प्रॉव्हिडन्समध्ये २० वर्षं राहतोय. ग्रेजचं ग्राउंड मेसर स्ट्रीटवर होतं. आता तिथे घरं आहेत, बाहेर कपडे वाळत असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास नुसता फुटपाथवर उभा होतो. बावीस जुलैला ग्रेजचा दुसरा पिचर स्वीनी मॅच अर्धवट टाकून निघून गेला तो इथूनच, हे डोक्यातून जात नव्हतं.

रॅडबर्न "रोज टाकायचा" हे अर्धंच खरं आहे. सीझन सुरू झाला तेव्हा दोन पिचर होते. चार्ली स्वीनी तरुण आणि भयंकर वेगवान. ७ जूनला त्याने बोस्टनचे १९ जण स्ट्राइकआउट केले. नऊ इनिंगच्या मॅचमधला तो आकडा मोठ्या लीगमध्ये कोणी ओलांडला तो थेट १९८६ साली. दोघांचं आपसात पटत नव्हतं. जुलैच्या मध्यात रॅडबर्नवर मुद्दाम वाईट टाकल्याचा आरोप झाला आणि मालकांनी त्यालाच बाहेर बसवलं.

मग २२ जुलै. फिलाडेल्फियाविरुद्ध ग्रेज पुढे होते. मॅनेजर फ्रँक बँक्रॉफ्टने स्वीनीला सांगितलं, आता तू राइट फील्डला (मैदानात उजवीकडे लांब, फिल्डिंगला) जा, मिलर टाकेल. त्या काळी दुखापत झाल्याशिवाय बदली खेळाडू घेता येत नसे, म्हणून दुसरा पिचर आधीपासून राइट फील्डला उभा करून ठेवायचे आणि गरज पडली की दोघांची अदलाबदल. स्वीनीने ऐकलं नाही. दारू प्यायला होता असंच सगळीकडे लिहिलेलं आहे. शिव्या देऊन तो ग्राउंड सोडून गेला. बदली घेता येईना, ग्रेज आठ जणांनी खेळले आणि हातातली मॅच घालवली. स्वीनीला लीगमधून काढलं, तो सेंट लुईसच्या टीमकडे गेला. इकडे मालक टीमच बंद करायच्या विचारात होते.

बँक्रॉफ्ट रॅडबर्नकडे गेला. रॅडबर्न तेव्हा २९ वर्षांचा, ब्लूमिंग्टनला वाढलेला, खाटकाच्या धंद्यातला. त्याने अट घातली: पैसे वाढवा आणि सीझन संपल्यावर मला मोकळं करा. हे "मोकळं करा" मुलाला नीट समजवा. तेव्हा रिझर्व्ह नावाचा नियम होता. मालकाने तुमचं नाव राखून ठेवलं की दुसरी कुठलीच टीम तुम्हाला घेऊ शकत नव्हती, पगार पटो ना पटो. रॅडबर्नने खांदा पणाला लावला तो यासाठी. नुसत्या हौसेने कोणी असं टाकत नाही.

पुढचे दोन महिने जवळजवळ रोज तोच. मधे मिलर आणि एड कॉनली यांनी मोजक्या मॅच टाकल्या, पण भार त्याच्यावर. टीम सलग २० जिंकली, त्यातल्या १८ त्याच्या.

आणि खांदा? बँक्रॉफ्ट नंतर सांगायचा, सकाळी रॅडबर्नला केस विंचरायला हात वर नेता यायचा नाही. इतरांच्या आधी ग्राउंडवर जाऊन काही फुटांवरून हळूहळू बॉल टाकायला लागायचा, मग एकेक पाऊल मागे. हात मोकळा झाला की मॅच.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. मी मुंबईला कांगा लीग खेळलोय, मध्यमगती टाकायचो. एका पावसाळ्यात टीममधले दोघे बोलर आजारी पडले आणि मी एकट्याने एका टोकाने टाकत राहिलो. ऑगस्ट संपता संपता आंघोळीचा तांब्या उजव्या हाताने डोक्यापर्यंत जाईना. डाव्याने ओतायचो आणि घरी कोणाला कळू नये म्हणून नळ मोठा सोडून ठेवायचो. आईला कळलंच. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. आज बावन्न पूर्ण झाली, विमानात वरच्या कप्प्यात बॅग टाकायला अजून शेजाऱ्याला विनंती करतो. तुमच्या मुलाचा खांदा अकरा वर्षांचा आहे, ताई. तिथली हाडं अजून वाढताहेत. कोच अगदी बरोबर करताहेत.

सदाशिव_पेठ_४११०३०

सुंदर लिहिलंत. एक शंका: तेव्हाचं पिचिंग आजच्यासारखंच होतं का? अंतर कमी असेल तर जोरही कमी लागत असेल ना?

मेसर_स्ट्रीट

अंतर कमीच होतं. पिचरची चौकट ५० फुटांवर, आजचं साडेसाठ फूट १८९३पासून. हात खांद्यावरून फिरवायची मोकळीक नॅशनल लीगने त्याच १८८४ साली दिली. क्रिकेटमध्ये ती इंग्लंडात १८६४ सालीच मिळाली होती. फलंदाज उंच की खाली, कुठे बॉल हवा ते आधी सांगू शकायचा. म्हणजे सोय फलंदाजाचीही होती. थोडा कमी जोर धरला तरी ६७८ इनिंग खांद्याला सोसत नाहीत.

अजून एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लीगच्या विजेत्यांशी, न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सशी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर तीन मॅच झाल्या, २३, २४ आणि २५ तारखेला. पहिल्या दोन ग्रेजनी ६-० आणि ३-१ जिंकल्या, दुसरीत जेरी डेनीच्या होमरनने. तिसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची, माणसं तीनशेच्या आसपास, ग्रेज खेळायलाच तयार नव्हते. पंच तुम्ही निवडा, असं म्हणून त्यांना राजी केलं. त्यांनी पंच निवडला मेट्रोपॉलिटन्सचाच मुख्य पिचर टिम कीफ! तो पंच झाल्यावर समोरच्यांकडे टाकायला नवखा उरला. तीनही मॅच रॅडबर्ननेच टाकल्या. २२ इनिंगमध्ये त्याच्यावर अवघे ३ रन झाले, तेही फिल्डिंगच्या चुकांमुळे.

आणि मोकळं व्हायची अट घालूनसुद्धा तो पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्सकडूनच खेळला. १८८५नंतर टीमच बंद पडली.

एडिसनची_मेघना

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. केस विंचरायच्या जागी आला तेव्हा त्याने स्वतःचा उजवा हात वर करून डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच बसला. तांब्याचं ऐकून म्हणाला, "काकांना विचार, अजून दुखतं का?"

पोस्टरवर ५९ आणि ६० दोन्ही आहेत, खाली मिलरची मॅच. रिझर्व्हचा नियम मोठ्या अक्षरात लिहिलाय, त्याला तोच सगळ्यात अन्यायाचा वाटला.

मेसर_स्ट्रीट

त्याला सांगा, पावसाळी हवेत दुखतो. आणि शनिवारी मॅच असेल तर किती पिच टाकले ते मला नक्की कळवा.