मदत हवी आहे: समोरच्याला बघूनच भाच्याचे हातपाय गळतात

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, सात रस्त्याजवळ राहतो. माझा १६ वर्षांचा भाचा बॉक्सिंग करतो. सरावात चपळ आहे, पण समोर कुणी धिप्पाड, नजर रोखून बघणारा आला की पहिल्या फेरीतच गारठतो. परवा म्हणाला, "मामा, घंटा व्हायच्या आधीच मी हरलेलो असतो." मला रात्रभर झोप लागली नाही.

मी त्याला माइक टायसन या धडकी भरवणाऱ्या बॉक्सरचं सांगितलं. १९८८ मध्ये, तोवर एकही लढत न हरलेला मायकेल स्पिंक्स त्याच्यापुढे ९१ सेकंदांत संपला. पण १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं त्याच टायसनला दहाव्या फेरीत झोपवलं. लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत राहिला, अंतर सोडलं नाही. मला तर यातच सगळं आलं असं वाटतं. जॉर्ज फोरमन या बॉक्सरचंही तसंच. जो फ्रेझरसारख्या बॉक्सरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा हा माणूस १९७४ मध्ये मुहम्मद अलीनं दोरांना टेकून दमवला आणि आठव्या फेरीत पाडला.

भाचा मन लावून ऐकतो, पण भीती जात नाही. तुमच्यापैकी कुणी खेळलंय किंवा शिकवतंय का? नजरेला नजर द्यायची, की छातीकडे बघायचं? पहिलं मिनिटभर त्यानं काय करावं? पुढच्या महिन्यात लढत आहे, कृपया सांगा.