विषय: सोलापूरच्या मुलाचं ऑफर लेटर, आज रात्रीच बघा

प्रेषक: माई, शारजा

सर्वांना नमस्कार,

दिवाळी फराळाच्या यादीत हा मेल मध्येच घालतेय, कारण उद्या सकाळी पैसे जाणार आहेत.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं माहेर. शेजारचा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन, टॉवेलच्या कारखान्यात दोन वर्षं मेंटेनन्सला होता. त्याला दुबईच्या एका हॉटेलात नोकरी लागली म्हणून काल गल्लीत पेढे वाटले. पगार साडेचार हजार दिरहम. एजंटला ८५ हजार द्यायचे, त्यातले २० हजार परवा फोनवरून दिले. त्याची आई विड्या वळते. मला म्हणाली, "पाटल्या ठेवल्या सोनाराकडं. उरलेले उद्या देऊन टाकायलोय." आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, नोकरीचा व्हिसा तिकडे गेल्यावर, असं ठरलंय. दुबईचं नाही जमलं तर थायलंडला डेटा एंट्रीचं काम देतो म्हणालाय.

एजंटच्या ऑफिसात आपल्या इथल्या मंडळाच्या गणपतीचा फोटो लावलाय. "ही सगळी आम्हीच पाठवलेली माणसं," असं सांगतो. मुलाने त्याचा फोटो काढून मला पाठवला. त्यात हिरव्या साडीत मी उभी आहे.

पत्र सोबत जोडलंय. कुणीतरी बघा.

प्रेषक: आप्पा, अजमान

माई,

आधी त्यांना फोन करा आणि उद्याचे पैसे थांबवा. मग पुढचं वाचा.

पत्र पाहिलं. लोगो, शिक्का, सही, सगळं चोख आहे. पण पत्र चोख असण्याला आता काही अर्थ राहिलेला नाही. पैसे कोण मागतंय आणि व्हिसा कुठला देतंय, एवढंच बघायचं. इथला, म्हणजे यूएईचा, २०२१ चा कामगार कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकाचा. तो कामगाराकडून सरळही घ्यायचा नाही आणि आडमार्गानेही नाही. भारतात नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००, आणि त्याची पावती द्यावी लागते. हा ८५ मागतोय. २० हजारांची पावती दिली का, हे विचाराच.

दुसरं, भारताच्या १९८३ च्या कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, तिथे नाव आणि नंबर जुळवायचा. "मुख्य ऑफिस मुंबईला, आम्ही सब-एजंट" असं म्हणाला तर सरळ उठून यायचं. सब-एजंटला कायद्यात जागाच नाही. पोरगं दहावी पास आहे, म्हणजे त्याच्या पासपोर्टला ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यायची अट, लागू नसणार. अशा मुलांना ही परवानगी (एमिग्रेशन क्लिअरन्स) लागत नाही, म्हणून त्यांचे कागद वाटेत कुणी तपासत नाही. एजंट लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि दहावी-आयटीआय झालेली मुलंच जास्त फसतात याचं मला फार वाईट वाटतं. एजंटची नोंदणी मात्र त्याच्या बाबतीतही हवीच.

व्हिजिट व्हिसावर इथे काम करणं बेकायदा आहे. पकडलं तर एजंट सोलापुरात, पोरगं इथे. खऱ्या नोकरीत इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर आधी येतं, त्यावर नंबर असतो आणि तो मंत्रालयाकडे तपासता येतो. तुमच्या पत्रावर तसा नंबरच नाही. आणि साडेचार हजार? बावीस वर्षं मी इथे मेंटेनन्सच्या धंद्यात आहे. नवख्या इलेक्ट्रिशियनला एवढा पगार सुरुवातीला मिळालेला मी पाहिला नाही.

थायलंडचं वाचून तर पोटात गोळा आला. त्याला सांगा, तिकडे अजिबात जायचं नाही. डेटा एंट्री म्हणून बँकॉकला बोलवायचं आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावाडीला नेऊन कोंडायचं, लोकांना फोनवरून फसवायला बसवायचं, असं किती तरी मुलांचं झालंय. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना परत आणलं.

हॉटेलच्या एचआरशी सकाळी मी स्वतः बोलतो. पत्रावरच्या नंबरवर नाही, हॉटेलच्या रिसेप्शनवरून.

प्रेषक: माई, शारजा

आप्पा आणि सर्वांना,

पैसे गेले नाहीत. रात्री अकराला फोन केला, तेव्हा घरात बॅग भरणं चाललं होतं. शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकऱ्याही बांधून झाल्या होत्या. मुलगा आधी चिडला, "माई, तुम्ही तिकडं सुखात आहात म्हणून बोलायलाय." मी ऐकून घेतलं. मग त्यालाच पोर्टल उघडायला लावलं. एजंटचं नाव यादीत नाही. पावती मागितली तर एजंट म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू दे." त्यानंतर फोनच बंद.

आप्पांना हॉटेलने सांगितलं की अशी जागाच निघालेली नाही आणि लोगो चोरलाय.

२० हजारांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्याची आई आधी नको म्हणत होती, गल्लीत कळेल म्हणून. पेढे वाटून झाले होते ना. तिथे पैसे गेल्याची वेळ, व्यवहाराचा नंबर आणि कुठल्या खात्यात गेले ते विचारतात, म्हणून मेसेज पुसू नयेत. पैसे पुढे काढले गेले नसतील तर खात्यातच अडवता येतात, पण इथे दोन दिवस गेले होते. अजून काही कळलेलं नाही. पाटल्या आज सोनाराकडून सोडवून आणल्या.

कार्यकारिणीला विनंती, गणपतीचा फोटो आपल्या पानावरून आज काढा. आणि तो दाखवून एजंटने आणखी कुणाकडून पैसे घेतलेत का, हे ज्यांची घरं सोलापूरच्या पूर्व भागात आहेत त्यांनी विचारून मला कळवा. मी यादी करतेय.