पहिलंच अनुदान, ३१ मार्च आणि सड्यावरचे आजोबा

सडाफुली · १२ डिसेंबर

नमस्कार. मी एका राज्य विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकवते. नोकरीला सहा वर्षं झाली आणि यंदा पहिल्यांदाच केंद्राचा प्रकल्प मिळाला. तीन वर्षं, २७ लाख ४० हजार. विषय कातळसड्यावरच्या (कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या) पावसाळी वनस्पतींचं बी. आठ महिने तापल्या जांभ्यावर पडून राहिलेलं बी पहिल्या पावसात नेमकं कशाने जागं होतं, एवढाच प्रश्न.

मंजुरीपत्र जुलैत आलं, पेढे वाटले. पैसे दिसायला ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला. तोवर सड्यावरची पावसाळी फुलं सरली होती: दिपकाडी येऊन गेली होती, सीतेची आसवं वाळली होती, गेंदही करडे पडले होते. मी पदरमोड करून दोनदा राजापूरकडे गेले आणि जमेल तेवढं बी पाकिटांत भरून आणलं. वनस्पतींचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, सरकारचं एप्रिलमध्ये. मधल्या मध्ये मी.

आता अडचण. पहिल्या वर्षात ग्रोथ चेंबर घ्यायचाय (उजेड, तापमान, दमटपणा हवा तसा ठेवणारं कपाट). कोटेशन ८ लाख १० हजार. बजेट करताना एका ज्येष्ठ सरांचा जुना प्रस्ताव समोर ठेवला होता, त्यात जीएसटी ५ टक्के होता, मीही तोच धरला. आता कळलं की १८ टक्के लागतो, म्हणजे ९ लाख ५५ हजार ८००. उपकरणांच्या हेडमध्ये (खर्चाच्या कप्प्यात) आहेत ९ लाख. त्यात फाईल दोनदा परत आली. पहिल्यांदा शेरा होता 'चर्चा करावी'. कोणाशी, ते लिहिलेलं नाही. दुसऱ्यांदा 'लेखाशीर्ष नमूद नाही', म्हणजे कोणतं हेड ते लिहिलेलं नाही.

आणि एक बारीकसा प्रश्न. सड्यावर मी दगड लावून वीस चौकोन आखलेत. गुरं आत शिरू नयेत म्हणून तिथले एक आजोबा पावसाळाभर राखण करत होते. त्यांना मी ७,२०० रुपये दिले. त्यांच्याकडे कसलं आलंय जीएसटीचं बिल? हे पैसे कुठे दाखवायचे?

पाचवं_वर्ष · १२ डिसेंबर

मॅम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक विनंती आहे. जेआरएफ (प्रकल्पावरचा संशोधक विद्यार्थी) घेणार असाल तर त्याला पहिल्याच दिवशी खरं सांगा की सुरुवातीचे काही महिने हातात काही पडणार नाही. कागदावर ३७ हजार अधिक घरभाडं असतं, पण मला पहिला पैसा साडेचार महिन्यांनी मिळाला. मेसवाल्या काकूंनी वहीत मांडून ठेवलं म्हणून निभावलं. रूममेटचे ११ हजार अजून द्यायचे आहेत. आधी सांगितलं असतं तर मी घरून सोय करून आलो असतो. राग पैशाचा नव्हता, कोणी बोललंच नाही याचा होता.

लेझर_आणि_लसूण · १३ डिसेंबर

अहो, जून २०२५ मध्ये नियम सैल झालेत की! वैज्ञानिक उपकरणांसाठी कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा २ लाखांवर गेली, खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत घेता येतं. जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर) नको असेल तर बाहेरून घ्यायला कुलगुरू परवानगी देऊ शकतात. तो कागद खरेदी विभागाच्या टेबलावर ठेवा आणि मोकळ्या व्हा. जेमवर 'इन्क्युबेटर' शोधला तर मला अंडी उबवायचं यंत्र दिसलं होतं, तेव्हापासून माझा त्यावर विश्वास नाही.

निवृत्त_लेखापाल · १३ डिसेंबर

मॅडम, आधी अभिनंदन. मी एका विद्यापीठाच्या वित्त विभागात ३१ वर्षं काढली, शेवटची अकरा संशोधन प्रकल्पांच्या टेबलावर. म्हणजे तुम्ही मनात ज्याला शिव्या घालताय, तो मीच.

'चर्चा करावी' याचा अर्थ असा, की वाचणाऱ्याला शंका आली, पण ती कोणत्या नियमात बसवायची ते उमगलं नाही आणि तशीच साहेबांपुढे ठेवायची छाती झाली नाही. अशा वेळी नवी नोट लिहू नये. फाईल घेऊन टेबलापाशी जावं आणि खुर्ची ओढून बसावं. उभ्या माणसाला 'उद्या या' म्हणणं फार सोपं असतं.

दुसरा शेरा मात्र रास्त आहे. तुमची नोट न बघता सांगतो, पहिले दोन परिच्छेद संशोधनाच्या महत्त्वावर असणार. आम्हाला सुरुवातीलाच मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख लागते. मग त्या हेडखाली मंजूर किती, आजवर खर्च किती, आजची मागणी किती, शिल्लक किती. बी कशाने जागं होतं हे वाचायला मलाही आवडेल, पण घरी, चहा घेताना.

लेझरराव म्हणतात तो आदेश खरा आहे. पण तो केंद्राचा. तुमचं विद्यापीठ राज्याचं, त्याची स्वतःची लेखासंहिता आहे, आणि आपल्याकडे तो स्वीकारलाय असं लेखी असल्याशिवाय खरेदीवाला हात लावणार नाही. तरी प्रत फाईलला लावाच. एकदा लावलेला कागद कोणी काढायला धजत नाही.

जीएसटीची ५ टक्क्यांची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली. जुन्या प्रस्तावाची नक्कल करणारे तुम्ही एकट्या नाही, माझ्या टेबलावर अशा चार फाईली आल्या होत्या. उपकरणाच्या हेडमध्ये दुसरीकडचे पैसे ओतायला दिल्लीची परवानगी लागते आणि तिची वाट बघत मार्च निघून जाईल. त्यापेक्षा पुरवठादाराला सांगा, करासकट ९ लाखांत बसव. त्याच्या कोटेशनमध्ये यूपीएस किंवा दोन वर्षांची जादा देखभाल घातलेली असेलच. ती काढली की बसतं.

आता ३१ मार्च. 'पैसे आले' असं तुम्ही लिहिलंय. केंद्राच्या बऱ्याच योजनांत हल्ली पैसे येत नाहीत, शून्य शिलकीच्या खात्यावर खर्चाची मर्यादा येते. ३१ मार्चला उरलेली मर्यादा संपते. नुसता पुरवठा आदेश काढून ती वाचत नाही, बिल चुकतं व्हायला हवं. त्याआधी माल यायला हवा, जोडणीचा अहवाल हवा, डेड स्टॉकच्या (टिकाऊ सामानाच्या) रजिस्टरला नोंद हवी. तेव्हा आदेश जानेवारीच्या आत काढा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या दारात जी रांग लागते तिच्यात मी कुलसचिवांचा शिपाईसुद्धा ताटकळताना बघितलाय.

आजोबांचं. त्यांना बिल लागत नाही, हातपावती चालते. नाव, गाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कामाचे दिवस, रोजचा दर, सही किंवा अंगठा, खाली तुमचा दाखला. रक्कम ५ हजारांवर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यायची. खर्च आकस्मिक हेडखाली टाका. पण मंजुरीपत्रात प्रकल्प सुरू झाल्याची तारीख बघा. ती ऑक्टोबरची असेल तर यंदाचे ७,२०० तुमच्या खिशातूनच गेले असं समजा. मागची तारीख टाकून पावती करू नका. अंगठा त्यांचा असला तरी दाखला तुमचा असतो.

सडाफुली · १४ डिसेंबर

तारीख बघितली. २१ ऑक्टोबर. गेले ७,२००. पण काका, खुर्ची ओढून बसले आणि वीस मिनिटांत काम झालं. शंका एवढीच होती की 'चेंबर' म्हणजे बांधकाम तर नाही ना!

सडाफुली · २० मार्च

धागा वर काढते. यूपीएस वगळून ८ लाख ९७ हजारांत बसलं. आदेश २९ जानेवारीला निघाला, खोका काल आला, तीन हमाल आणि एक हातगाडी घेऊन. प्रयोगशाळेचं दार ८५ सेंटिमीटर, कपाट ९१. फेब्रुवारीत रुजू झालेल्या माझ्या जेआरएफने (त्याला सगळं आधी सांगितलं होतं) चौकट मोजली, मी मोजली, हमालांनी मोजली, ९१ काही कमी होईना. शेवटी विद्यापीठाच्या सुताराला बोलावून चौकटच काढली. कपाट आत गेलं, संध्याकाळी सुरू झालं, जोडणीच्या अहवालावर सही झाली, बिल आज सकाळी दिलं.

काका, चौकट परत बसवायचे ३,४०० झालेत. ते कोणत्या हेडखाली?

निवृत्त_लेखापाल · २० मार्च

ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या वरखर्चाचं हेड. नोट आजच टाका, उद्या शनिवार आहे.