मदत हवी आहे: बॅट चालते, थ्रो उशिरा. कॅचरच ठेवावा का?
परभणीतला १७ वर्षांखालचा बेसबॉल संघ. कॅचर (बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल पकडणारा) उजखोरा. ४० प्लेट अपिअरन्समध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) ३च स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), पण वॉकही (चार बॉल झोनबाहेर सोडून मिळालेला फर्स्ट बेस) २च. म्हणजे नजर चांगली म्हणावी की स्ट्राइक झोनबाहेरचंही मारतो म्हणावं? मला वाटतं बाहेरचंही मारतो, कारण निम्मे फटके शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसमधला फिल्डर) सरपटत जातात.

पॉप टाइम, म्हणजे बॉल कॅचरच्या मिटमध्ये (ग्लव्हमध्ये) आल्यापासून थ्रो सेकंड बेसवर पोचेपर्यंतचा वेळ, २.३ सेकंद (१० थ्रोंची सरासरी, मेजर लीगमध्ये साधारण २.०). मोबाइलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर फोड केली: ट्रान्सफर, म्हणजे बॉल मिटमध्ये आल्यापासून हातातून सुटेपर्यंत, ०.९५, हवेत १.३५. होम ते सेकंड ३८.८ मीटर थ्रो सरळ जातो. हात ठीक आहे, वेळ ट्रान्सफरमध्ये जातो.

तीन आठवडे टेनिस बॉलवर उघड्या हाताने ट्रान्सफर, रोज ५०. ०.०५ सेकंदच वाचले. पाय तो अजून बॉल मिटमध्ये येतानाच वळवत नाही, आल्यावर वळवतो. पास्ड बॉल (कॅचरकडून निसटून मागे गेलेले) मोजलेच नाहीत. मुरमाच्या ग्राउंडवर उसळीचा भरवसा नसतो. रडार गन, पिचिंग मशीन नाही.

आता आधी फूटवर्क घ्यावं की मिटमधली पकड बदलावी? आणि दोन महिन्यांत ट्रान्सफर ०.८ वर आला नाही, तर या बॅटसाठी त्याला सेकंड बेसवर हलवावं का?