मदत हवी आहे: वडिलांसाठी व्हीपी शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात उतरवणारी नळी), साधा की प्रोग्रॅमेबल? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमचे दादा, म्हणजे वडील, ७३ वर्षांचे. आम्ही कॉलेज रोडला राहतो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी फेऱ्या मारणारा हा माणूस आता उंबऱ्यापाशी थबकतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलतच नाहीत. वळायचं तर जागच्या जागी छोटी छोटी पावलं टाकत वळतात. पुढे लघवीची घाई सुरू झाली, बाथरूम गाठेपर्यंत धीर धरवत नाही. आणि आता विसरणंही वाढलंय. आधी सगळ्यांनी वयावर ढकललं, मग कंपवाताच्या गोळ्या झाल्या, फरक शून्य. शेवटी एमआरआयमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. निदान: नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलस.

न्यूरोसर्जननी कमरेतून सुई घालून ४० मिली पाणी काढलं. आधीची आणि नंतरची चाल मोबाईलवर शूट करायला लावली. दुसऱ्या दिवशी दादा कुणाचा हात न धरता जिन्यापर्यंत गेले! पुढे हळूहळू पुन्हा पहिल्यासारखं झालं, पण डॉक्टर म्हणतात, शंटचा उपयोग होण्याची ही चांगली खूण आहे.

मला समजलं ते असं. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तितकंच शोषलं जातं, एका वेळी आत असतं ते जेमतेम १५० मिली. दादांचं हे शोषणं बिघडलंय. म्हणून पोकळीत एक नळी, कानामागे त्वचेखाली व्हॉल्व्ह, आणि तिथून मानेतून, छातीवरून त्वचेखालूनच पोटात दुसरी नळी. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि शरीरात जिरतं.

अडलंय ते व्हॉल्व्हवर. साध्या व्हॉल्व्हचा दाब ठरलेला. प्रोग्रॅमेबलचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येतो, पण किमतीत फार मोठा फरक आहे. या वयात तो खर्च करावा का? महात्मा फुले योजनेत कोणता बसतो? दादांना स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्याचीही धास्ती वाटते. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सिन्नरकर:
माझ्या सासूबाईंना साधाच बसवला होता, मीडियम प्रेशरचा. चाल सुधारली, लघवीवर ताबा आला, स्मरणशक्तीत मात्र फारसा फरक नाही. ही अपेक्षा घरात आधीच स्पष्ट ठेवा, नाहीतर सगळे फक्त विसरण्याकडे बघत बसतात. नंतर उभं राहिलं की डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. म्हणजे पाणी जास्त उतरत होतं. दाब बदलता येत नसल्याने व्हॉल्व्ह बदलायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. माझं मत विचाराल तर झेपत असेल तर प्रोग्रॅमेबल घ्या.

निवृत्त_सिस्टर:
न्यूरो वॉर्डात काम केलंय म्हणून लिहिते. स्वस्त म्हणजे वाईट असं अजिबात नाही. आपल्याकडचा छाब्रा शंट आणि महागडा परदेशी शंट यांची युगांडात लहान मुलांमध्ये तुलना झाली होती, २००५ साली ती प्रसिद्ध झाली. वर्षभराने निकालात फरक दिसला नाही. पण तुमच्या दादांची गोष्ट वेगळी. वय झालं की मेंदू थोडा आकसलेला असतो, पाणी भराभर उतरलं तर कवटीच्या आत रक्त साचू शकतं, त्यात गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या. अशा पेशंटमध्ये दाब हळूहळू उतरवता आला तर फार बरं. गोळ्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. प्रोग्रॅमेबल बसवलात तर व्हॉल्व्हचं कार्ड कायम खिशात हवं. काही मॉडेलचं सेटिंग एमआरआयने हलतं, नंतर तपासून घ्यावं लागतं. ताप, नळीवर लाली, उलट्या, गुंगी किंवा चाल पुन्हा बिघडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. गोळ्यांचं उद्याच दोन्ही डॉक्टरांशी बोलते. सिस्टर, अजून एक: दाब बदलायचं यंत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं म्हणे. मग जो व्हॉल्व्ह बसवू त्याचं यंत्र नाशिकमध्येच आहे का, हे ऑपरेशनआधी विचारायला हवं ना? दर वेळी दादांना गाडीत घालून मुंबईला नेणं अवघड आहे. नाशिकमध्ये कुणी सेटिंग बदलून घेतलं असेल तर कुठे, ते व्यनि (खासगी निरोप) करा.